माकुलची जात डीएनएवरून कशी ओळखतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत एका लॅबमध्ये माकुलच्या डीएनएवर काम करते. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न "म्हणजे नक्की काय?" आणि दुसरा "आणि मग ते खाता का?" नातेवाईक, बिल्डिंगमधले काका, कॉलेजची पोरं, सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. क्रम काही खास नाहीये, जसं आठवलं तसं.

माकुल ते माकुल, त्यात ओळखायचं काय?

इथूनच सुरुवात करू. ससून डॉकला पहाटे गेलात तर माकुल म्हणून दोन वेगळे प्राणी विकले जाताना दिसतील. एकाचं अंग नळीसारखं लांब आणि आत प्लास्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक काडी, साफ करताना ओढली की सर्रकन निघते ती, हे स्क्विड. दुसऱ्याचं अंग रुंद आणि आत पांढरं हलकं समुद्रफेस, जे लव्हबर्डच्या पिंजऱ्यात अडकवतात, ते कटलफिश. हा फरक मासे विकणाऱ्या कुठल्याही मावशीला अंधारात हात लावून कळतो, त्याला डीएनए लागत नाही. काही जणी स्क्विडला नळ माकुल म्हणतात आणि ते नाव मला फार आवडतं कारण त्यात अर्धं वर्णन आलंच.

खरी पंचाईत त्याच्या पुढे. नळ माकुलमध्येच आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त मिळतं ते युरोट्युथिस डुवॉसेली, पण त्याच घराण्यातली दिसायला जवळजवळ तशीच भावंडंही हिंदी महासागरात आहेत, आणि पाटीत बर्फाखाली पडलेली वीतभर लांबीची पिल्लं बघून कुठलं कुणाचं हे सांगायला गेलात तर मोठमोठे लोक गप्प होतात.

जात म्हणायचं की प्रजाती?

शाळेच्या पुस्तकात जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. पेपरात मात्र सगळे स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. दोन्ही वापरले की गोंधळ, म्हणून मी इथे स्पीशीजला सरळ जात म्हणतेय आणि जीनसला कुळी. कुणी नावं ठेवली तर ठेवू देत.

पूर्वी डीएनए नव्हता तेव्हा कसं ओळखायचे?

डोळ्यांनी, पट्टीने आणि भिंगाने. अजूनही ते करावंच लागतं. नुसत्या अंगाच्या नळीची लांबी मोजायची, हात आणि सोंडा मोजायच्या नाहीत कारण त्या ताणल्या जातात. मग पंख नळीच्या किती भागापर्यंत येतात ते बघायचं. मग सोंडेच्या टोकाच्या वाट्या, म्हणजे चिकटायला असतात त्या, त्यांच्या आत एक कडक कडं असतं आणि कड्याला दात असतात, ते दात किती आणि कसे, टोकदार की चपटे, हे भिंगाखाली. नराचा एक हात वेगळा असतो, त्यावरच्या वाट्यांची रचना बदललेली असते, त्याची खूण फार कामाची.

आणि एक माझी लाडकी खूण: या कुळीतल्या माकुलला पोटाकडून उभी चीर देऊन उघडलं की शाईच्या चंदेरी पिशवीवर दोन बाजूंना दोन छोटे ठिपके दिसतात, मसूर चिकटवल्यासारखे. ते दिवे आहेत, त्यात चमकणारे बॅक्टेरिया राहतात. घरी साफ करताना बघा कधी, पण हळू, पिशवी फुटली तर ओटा काळा.

अडचण काय, की माकुलला हाडं नाहीत. बर्फात ठेवलं की आखडतं, पाण्यात राहिलं की फुगतं, जाळ्यात कातडी सोलवटून निघते आणि तिच्यावरचे रंगाचे ठिपके जातात. वर पिल्लात आणि मादीत अर्ध्या खुणा नसतातच. मासळीचे खवले, काटे मोजता येतात, इथे मोजायला धरावं काय हाच प्रश्न.

मग डीएनए नेमकं काय करतो?

प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलं की प्राण्यांच्या जाती ओळखायला हाच एक तुकडा बारकोडसारखा वापरा, दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. तेव्हापासून याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. सोबत १६एस नावाचा अजून एक जीन बऱ्याचदा वाचतात.

हिशेब सोपा आहे. दोन माकुलचे तुकडे शेजारी मांडायचे आणि किती जागी अक्षर वेगळं आहे ते मोजायचं. ६५० पैकी ३ जागी फरक म्हणजे अर्धा टक्का सुद्धा नाही, बहुतेक एकच जात. ६५ जागी फरक म्हणजे १० टक्के, ही दोन वेगळी जनावरं आहेत, दिसायला कितीही जुळी असली तरी.

आणि मधलं काही आलं तर? ३ टक्के वगैरे?

तर डोकं खाजवायचं. बरेच लोक २-३ टक्क्यांची रेघ ओढतात, पण ती काही समुद्रात कुणी आखून ठेवलेली नाहीये. एखादी जात लांबच लांब किनाऱ्यावर पसरलेली असेल तर दोन टोकांच्या माकुलमध्ये फरक जास्त येतो आणि मधले नमुने घेतले की तो फरक हळूहळू भरून निघतो. म्हणून फक्त मुंबईचं एक आणि थायलंडचं एक अशी दोनच माकुल घेऊन "नवीन जात सापडली" असं ओरडणाऱ्यांवर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

प्रत्यक्षात काम कसं चालतं, जरा नीट सांगा ना

पहाटे डॉकवर. बोट लागली, पाट्या उतरल्या, लिलावाची ओरडाओरड चालू, त्यात आपण हातात डबा घेऊन उभे. मावशींना वाटतं पोरगी भाव पाडायला आली. एक वाटा घ्यायचा, बोट साधारण कुठे गेली होती आणि किती दिवस बाहेर होती हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारायचं, कारण ट्रॉलर आठ-दहा दिवस फिरून आलेला असतो आणि "ससून डॉक" हे माकुल राहायचं ठिकाण नाही, उतरायचं ठिकाण आहे. हे लिहायला विसरणारे खूप.

मग प्रत्येक माकुलचा पट्टीसोबत फोटो. मग आतल्या बाजूने पांढऱ्या मासाचा तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा कापायचा आणि कडक स्पिरिटमध्ये टाकायचा. फॉर्मलिन अजिबात नाही, त्यात आकार छान टिकतो पण डीएनएची वाट लागते. जुन्या म्युझियमच्या बरण्यांमधले बरेच नमुने म्हणूनच डीएनएच्या कामाला रडवतात. शाईपासून दूर राहायचं, शाईतलं मेलॅनिन पुढची रिॲक्शनच अडवतं. माकुलच्या मासात बुळबुळीत साखरेसारखे पदार्थ असतात, ते डीएनएला चिकटून येतात, त्यामुळे माशाला चालणारी साधी पद्धत इथे कधीकधी फसते आणि नळीत नुसता शेंबडासारखा गोळा उरतो. सॉरी, पण दिसतं तसंच.

पुढचं यंत्राचं काम. पीसीआर म्हणजे त्या तुकड्याच्या झेरॉक्स काढणं, ९५ डिग्रीला दोन धागे सुटे, मग पन्नासच्या आसपास आणून प्रायमर, म्हणजे नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे छोटे तुकडे, चिकटवायचे, मग ७२ ला नवीन धागा, असं ३५ एक वेळा. दोन-अडीच तास लागतात, तेवढ्यात चहा होतो. मग जेलवर पट्टी दिसली की हायसं वाटतं आणि सीक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचायला, पाठवायचं. जून-जुलै दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा ताजा नमुना नाही, फ्रीजरमधलंच उपसत बसायचं.

यात चुका होतात का?

होतात म्हणजे काय! माझीच सांगते. पहिल्या वर्षी मी १२ नळ्यांवर बॉलपेनने नंबर घातले. दोन दिवसांनी बघते तर स्पिरिट निळसर आणि नंबर गायब. १२ तुकडे, सगळे पांढरे, सगळे सारखे. माकुल तर घरी तळून झालेली. आता कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती नळीच्या आत टाकते, पेन्सिल स्पिरिटला भीक घालत नाही.

दुसरी गंमत त्याच्यापेक्षा भारी. एका नमुन्याचा सीक्वेन्स आला आणि तो जुळला चक्क एका माशाशी. दोन दिवस मी जगातलं सगळ्यात विचित्र माकुल सापडल्याच्या आनंदात. मग फोटो बघितला तेव्हा कळलं की तुकडा पोटाजवळून कापलाय आणि माकुलने मरायच्या आधी जेवण केलेलं होतं. म्हणजे मी त्याच्या जेवणाची जात शोधून काढली. तसं करणारे लोक आहेत म्हणा, माकुल काय खातं हे शोधायला मुद्दाम पोटातला डीएनए वाचतात, पण मी ते मुद्दाम केलेलं नव्हतं.

कॉम्प्युटरला सीक्वेन्स दिला की नाव येतं ना? मग तज्ज्ञ कशाला हवेत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चिडवतो, त्यामुळे जरा लांब लिहिते.

जेनबँक किंवा बोल्डसारख्या डेटाबेसमध्ये सीक्वेन्स टाकला की ९९ टक्के जुळलं आणि अमुक नाव, असं येतं. पण ते नाव डीएनएमध्ये लिहिलेलं नसतं. कुणीतरी कधीतरी एक माकुल हातात घेतलं, त्याला नाव दिलं, मग त्याचा सीक्वेन्स त्या नावाखाली चढवला. त्या माणसाने दात मोजले होते की नुसतं बाजारात जे म्हणतात ते लिहिलं, हे तुम्हाला माहीत नसतं. त्याचं चुकलं तर तुमचं चुकतं, तुम्ही तेच नाव लावून तुमचा सीक्वेन्स चढवता आणि मग तिसऱ्याला दोन साक्षीदार मिळतात. दिव्याने दिवा लागतो तशी चुकीने चूक लागते.

डीएनए फक्त एवढं सांगतो की हे आणि ते एक आहे की वेगळं. नाव ठरतं ते टाइप स्पेसिमेनवरून, म्हणजे ज्या नमुन्यावरून पहिल्यांदा वर्णन लिहिलं गेलं तो. आपल्या नळ माकुलचं वर्णन द'ऑर्बिनी या फ्रेंच माणसाने १८३५ मध्ये केलं, तेव्हा कुठला डीएनए. म्हणून आमच्याकडे नियम आहे की ज्या माकुलचा तुकडा घेतला ते अख्खं माकुल बरणीत ठेवायचंच, नंबर लावून, म्हणजे दहा वर्षांनी कुणाला शंका आली तर झाकण उघडून दात मोजता येतील. बरणी नसलेला सीक्वेन्स म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट.

आमच्या पुस्तकात लोलिगो डुवॉसेली लिहिलंय, तुम्ही युरोट्युथिस म्हणता. बरोबर कोण?

दोन्ही एकच माकुल. पूर्वी या घराण्यातलं जवळपास सगळं लोलिगो या एकाच कुळीत कोंबलेलं होतं. १९८४ मध्ये जपानच्या नात्सुकारींनी शाईच्या पिशवीवर दिवे असलेल्यांना वेगळं काढून फोटोलोलिगो म्हटलं. पुढे डीएनए आल्यावर दिसलं की इंडो-पॅसिफिकमधली ही दिवेवाली मंडळी वंशवृक्षाच्या खरंच एका फांदीवर आहेत आणि युरोपची लोलिगो वेगळ्या. म्हणजे भिंगवाल्या माणसाचं बरोबर निघालं, फक्त कुळीचं नाव आता युरोट्युथिस चालतं आणि फोटोलोलिगो हा त्यातला एक गट. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची आता डोरिट्युथिस झालीत. लोलिगोत उरली ती थोडी, युरोप-आफ्रिकेकडची.

जाता जाता, बारशिंग्याच्या शास्त्रीय नावातही डुवॉसेली आहे, १८२४ मध्ये मद्रासला वारलेल्या आल्फ्रेड डुवॉसेल नावाच्या फ्रेंच निसर्ग अभ्यासकावरून. कान्हातला बारशिंगा आणि डॉकवरचं माकुल, आडनाव सेम.

डीएनएमुळे असं काय कळलं जे आधी कळत नव्हतं?

दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. एकीकडे "एक जात" म्हणून ज्याला ओळखायचे त्यातून अनेक निघाल्या. सेपिओट्युथिस लेसोनियाना हे मोठ्या पंखांचं माकुल बघा, लाल समुद्रापासून जपानपर्यंत मिळतं. ओकिनावाचे मच्छीमार त्याला तीन वेगवेगळी नावं देत होते, पांढरं, लाल आणि अजून एक लहान. शास्त्रज्ञ म्हणत होते एकच. १९९४ मध्ये प्रोटीनच्या चाचणीने कळलं की मच्छीमारांचं बरोबर होतं, तीन गट आपसात मिसळत नाहीत, आणि नंतर डीएनएनेही तेच दाखवलं. उत्तर ऑस्ट्रेलियातही त्याच सुमाराला फोटोलोलिगोमध्ये अशा लपलेल्या जाती निघाल्या. कटलफिशमधलं सेपिया फॅराओनिस, जे आपल्याकडेही भरपूर येतं, त्यात २०११ च्या अभ्यासात पाच वेगळ्या फांद्या दिसल्या.

दुसरीकडे उलटं. राक्षसी माकुल, आर्किट्युथिस. जगभर किनाऱ्याला लागलेल्या तुकड्यांवरून लोकांनी त्याच्या २१ पर्यंत जाती करून ठेवल्या होत्या. २०१३ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतल्या ४३ नमुन्यांचा मायटोकॉन्ड्रियाचा अख्खा डीएनए वाचला तर सगळे जवळजवळ सारखे, एकच जात, आर्किट्युथिस डक्स. एवढा अवाढव्य प्राणी, एवढे समुद्र, आणि फरक नगण्य. मला हे अजूनही नवल वाटतं.

आपल्या अरबी समुद्रात खोल पाण्यात जांभळ्या पाठीचं उडतं माकुल आहे, त्याचं एक बुटकं रूप आहे ज्याच्या पाठीवर प्रकाशाचा पट्टाच नसतो. डीएनए म्हणतो ते बुटकं बरंच वेगळं आहे. नाव मात्र अजून एकच चालतं.

एकच जीन वाचून भागतं का?

पहिल्या चाळणीला भागतं, निकालाला नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे दोन जातींचा संकर झाला असेल तर वडिलांची बाजू दिसतच नाही. शिवाय या जीनच्या जुन्या मोडक्या नकला पेशीच्या केंद्रातल्या डीएनएत घुसून बसलेल्या असतात, कधी त्याच वाचल्या जातात. आणि उडत्या माकुलच्या गटात, जपानच्या चमकत्या फायरफ्लाय स्क्विडमध्येसुद्धा, मायटोकॉन्ड्रियातले काही जीन चक्क दोन-दोन वेळा आहेत, सीओआय त्यातलाच. नशीब दोन्ही प्रती जवळपास सारख्या राहतात. म्हणून केंद्रातले दोन-चार जीन तरी सोबत वाचावेत.

अजून एक, माकुल स्वतःचा आरएनए, म्हणजे जीनवरून प्रोटीन बनवायला निघणारी नक्कल, प्रचंड एडिट करतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका माकुलमध्ये ५७ हजारांहून जास्त अशा जागा मोजल्या जिथे जीनमध्ये एक लिहिलंय आणि प्रोटीन वेगळं बनतं. म्हणून जातीच्या कामाला आरएनएवरून वाचलेलं थेट वापरलं तर नसलेले फरक दिसू शकतात.

व्हॅम्पायर स्क्विड पण यातच येतं का?

नाही. नावात स्क्विड आहे, नातं ऑक्टोपसशी जास्त.

पॅकेटमधल्या कॅलमारी रिंग्स खऱ्या माकुलच्याच असतात का, चेक करता येतं?

येतं. फ्रोझन असेल तर आरामात. तळलेली असेल तर डीएनए तुटून बारीक होतो, मग ६५० ऐवजी शंभर-दीडशे अक्षरांचा छोटा बारकोड वाचतात आणि तेवढ्यावर बऱ्याचदा काम होतं. जाडजूड, जरा आंबूस लागणारी रिंग असेल तर ती दक्षिण अमेरिकेकडच्या जंबो माकुलची असू शकते, डोळ्यांनी रिंग बघून ते कुणालाच सांगता येणार नाही कारण डोकं, पंख, कातडी, सगळं आधीच गेलेलं. हॉटेलातली रिंग रबरासारखी लागली म्हणून मात्र नमुना घेऊन येऊ नका, तो दोष जातीचा नसतो, आचाऱ्याने जास्त वेळ तळली.

कोळ्यांना याचा काय उपयोग? की नुसते पेपर छापायला?

रास्त प्रश्न, एका तांडेलाने मला तोंडावर विचारलेला. हे माकुल साधारण वर्षभर जगतं, अंडी घालतं आणि मरतं. म्हणजे पुढच्या वर्षीचा माल पूर्णपणे यंदाच्या अंड्यांवर. आता समजा एका नावाखाली दोन जाती मोजल्या जातायत, एक कमी होतेय आणि दुसरी वाढतेय, तर एकूण वजन तेवढंच दिसणार आणि एक संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही. अंड्यांचे पांढरे बोटाएवढे घोस जाळ्यात येतात, ते कुठल्या जातीचे हे डोळ्यांनी सांगणं फार अवघड, डीएनएने कळतं, आणि मग ती जात कुठे आणि कधी अंडी घालते ते समजतं. तांडेलाचं म्हणणं होतं की कळून बंदी वाढवणार असाल तर नको. त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे शिकायचं असेल तर?

बीएस्सी झूलॉजी, लाइफ सायन्स किंवा फिशरीज काहीही चालतं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची, तिथे फिशरीजमध्ये मास्टर्स आणि पीएचडी होते. सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था, तिचं मुंबईतही केंद्र आहे, त्यांचे लोक बंदरावर जाऊन मासळीची नोंद ठेवतात. पण अर्ज भरायच्या आधी एक करा, महिनाभर दर रविवारी मार्केटला जा आणि नुसतं बघा. ज्याला वासाचा त्रास होतो त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं.

मी फोटो पाठवला तर जात सांगाल?

प्रयत्न करेन, पण कालवणाचा फोटो नको, तो आलाय आधी तीनदा. साफ न केलेलं माकुल ताटात सरळ ठेवा, बाजूला शाळेची पट्टी. एक फोटो पाठीकडून, एक पोटाकडून, एक डोळ्याचा जवळून, कारण डोळ्यावर पारदर्शक पडदा आहे की उघडा आहे यावरून किनाऱ्याजवळचं घराणं की खोल समुद्राचं ते लगेच कळतं. एक सोंडेच्या टोकाचा, जमेल तेवढा जवळून. कुठल्या बंदरावर आणि कुठल्या तारखेला घेतलं ते लिहा. आणि एका काकूंनी केलं तसं आधी मीठ-हळद लावून मग फोटो काढू नका, पिवळ्या माकुलची जात मला येत नाही.